घोडेस्वार गेल्यानंतरचं गाव

पावसाळ्यात बाबा पडवीत बसून कलमं बांधायचे. समोर पाटीत नुकत्या रुजलेल्या कोयी, तांबूस कोवळ्या पानांच्या. एकेक रोप उचलायचं, शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून टाकायची. हात आपले चालू आणि तोंडानं गोष्ट चालू. आम्ही भावंडं पट्ट्या कापून द्यायचो आणि ऐकायचो.

गोष्टी असायच्या घोडेस्वारांच्या. बाबा मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी परतले, ते कायमचेच. मुंबईत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांनी इंग्रजी ‘घोड्यांचे पिक्चर’ भरपूर पाहिले होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, त्यामुळे संवाद त्यांनी स्वतःच भरले. शेरीफचा फौजदार झाला. सलूनचा गुत्ता झाला. हजारो गुरं बाळगणारा, पाण्याची वाट अडवणारा रँचवाला झाला खोत. खोत कुळांना हुसकावतोय, फौजदार खोताच्या पंगतीला जेवतो म्हणून गप्प आहे, आणि अशात घाट उतरून एक अनोळखी घोडेस्वार गावात येतो. कुणाशी फार बोलत नाही. शेवटी गोळीबार, खोत आडवा, आणि घोडेस्वार आल्या वाटेनं परत.

एकदा माझ्या थोरल्या भावानं विचारलं, “तो गेला. मग जमीन कुणाच्या नावावर लागली?”

बाबांचा हात थांबला. “ते पिक्चरात नसतं,” म्हणाले.

हा प्रश्न आमच्या घरात हवेतून आलेला नव्हता. खोती कायद्यानं १९४९ मध्ये गेली. १ एप्रिल १९५७ पासून कुळकायद्यानं कसणारा मालक झाला. पण कायदा होणं आणि सातबाऱ्यावर नाव लागणं यांत आमच्या आजोबांचं अर्धं आयुष्य गेलं. आमच्यासाठी जमीन कुणाची हा गोष्टीच्या शेवटी विचारायचा प्रश्न नव्हताच. गोष्टच ती होती.

पुढं शिकायला आणि नोकरीला पुण्यात आले, आणि मालिका बघण्याचं वेड लागलं. वेस्टर्नचं, म्हणजे बाबांच्या त्या घोड्यांच्या पिक्चरांचं, तर आधीपासूनच होतं. इतक्या वर्षांनंतर मला वाटतं की भावाच्या त्या प्रश्नातच टीव्हीवरच्या वेस्टर्नचा सगळा इतिहास आहे. सिनेमातला घोडेस्वार निघून जाऊ शकतो, कारण दोन तासांत पडदा पडतो. मालिकेतल्या घोडेस्वाराला पुढच्या आठवड्यात परत यावं लागतं. तो एकदा थांबला की त्याला घर लागतं, शेजारी लागतात, आजारपण, उधारी, लग्नं, बाळंतपणं, भावकी लागते. आणि हे सगळं सांभाळायला एकटं वेस्टर्न पुरत नाही. त्याला दुसऱ्या जातीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, गोष्टीशी संधान बांधावं लागतं.

‘गनस्मोक’ अमेरिकेत १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, ६३५ भाग. कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल मॅट डिलन हा तिचा नायक. पण वीस वर्षं रोज गोळीबार करून चालत नाही. तिथं डॉक्टर आहे, सलून चालवणारी मिस किटी आहे, वाटेनं येणारे नडलेले, फसलेले, वेडावलेले लोक आहेत. कितीतरी भागांत मार्शल अगदी कडेला उभा असतो आणि गोष्ट डॉक्टरच्या खाटेवरच्या रोग्याची असते. म्हणजे वेस्टर्नच्या टोपीखाली वैद्यकीय मालिका, कौटुंबिक मालिका, कोर्टाची मालिका तेव्हापासूनच नांदत होत्या. गोष्टींच्या जातींचा संकर ही आजची टूम आहे असं म्हणणाऱ्यांनी ही मालिका पाहावी.

आता लहानपणची, गावातली रविवारची सकाळ. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका लागायची. गावात मोजके टीव्ही होते. गुरुजींच्या ओटीवर आम्ही वीसेक पोरं आणि मागं भिंतीला टेकून बाबा. मालिका इंग्रजीत, समजत कुणालाच फारसं नव्हतं. परतताना बाबा म्हणाले, “घोड्यांचाच पिक्चर आहे हा. घोडा तेवढा विमानाचा केलाय.” कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की जीन रॉडनबेरीनं ही मालिका वाहिन्यांना विकताना नेमकं हेच सांगितलं होतं. ‘वॅगन ट्रेन’ नावाची तेव्हाची गाजलेली वेस्टर्न मालिका होती. बैलगाड्यांसारख्या छपराच्या गाड्यांचा तांडा पश्चिमेकडे निघालाय आणि दर आठवड्याला नवा पाहुणा, नवा पेच. रॉडनबेरी म्हणाला, माझी मालिका म्हणजे ताऱ्यांकडे निघालेली ‘वॅगन ट्रेन’. तो आधी वेस्टर्न मालिकाच लिहायचा. बाबांनी एकही शब्द न कळता हे ओळखलं याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्या मालिकेत १९६८ चा एक भाग आहे. यानावरच्या कर्क, स्पॉक आणि मंडळींना परग्रहावरचे लोक शिक्षा म्हणून टूमस्टोन गावात नेऊन टाकतात, १८८१ च्या ओके कोरालच्या प्रसिद्ध चकमकीच्या दिवशी, आणि तेही मरणाऱ्यांच्या बाजूनं. पैसे कमी होते म्हणून अख्खं गाव उभारलं नाही. फक्त दर्शनी भिंती, मागं काही नाही आणि वर लालभडक आभाळ. पण त्या अर्धवट भिंतींनी त्या भागाला जे दिलं ते पुऱ्या गावानं दिलं नसतं. वेस्टर्नचं गाव किती थोडक्या गोष्टींवर उभं असतं ते उघडं पडलं. एक रस्ता, एक दार, एक घड्याळ आणि रस्त्याच्या टोकाला उभी असलेली माणसं. जीव वाचतो तो कशानं? तर गोळ्या खऱ्या नाहीत यावर मनात कणभरही शंका न ठेवता विश्वास ठेवल्यानं. गोळीबाराच्या जागी मनाची कसोटी आली. बाबांच्या पाटीतलं कलम मला इथं आठवतं. खुंट रायवळाचा, फळ हापूसचं.

खुंटाचं म्हणून थोडं बोलायला हवं. वेस्टर्न म्हणजे टोपी, घोडा आणि रिव्हॉल्व्हर असं धरून चालणाऱ्या मालिका मी कितीतरी पाहिल्यात. त्या लक्षात राहत नाहीत. आंब्यावर बांडगूळ असतं तसं ते असतं, हिरवं दिसतं पण झाडाचं नसतं. माझ्या समजुतीनं वेस्टर्नचं मूळ एकाच जागी आहे. वेशीबाहेर वस्ती झाली आहे, कायदा अजून पोचलेला नाही किंवा पोचलाय तो विकला गेलेला आहे, आणि तरी माणसांना शेजारी शेजारी राहायचं आहे. एवढं मूळ धरलं की वर अंतराळ लावा, भूतकथा लावा, हेरकथा लावा, ते जगतं. ‘वेस्टवर्ल्ड’ सुरू झाली तेव्हा मी हरखून गेले होते. मौजेसाठी बांधलेलं नकली पश्चिम, त्यातली यंत्रमाणसं, आणि पाहुण्यांना तिथं कसलाच कायदा नाही. तिसऱ्या पर्वात मालिका त्या बागेतून उठून भविष्यातल्या शहरात गेली आणि माझ्यापुरती तिची मातीच सुटली.

याउलट ‘फायरफ्लाय’. २००२ साली आली, चौदा भाग झाले, त्यातले अकराच तेव्हा दाखवले गेले. वाहिनीनं भागांचा क्रम उलटापालटा केला. जो पहिला भाग म्हणून लिहिला होता तो सगळ्यांत शेवटी दाखवला आणि मालिका बंद केली. तरी तिला चाहते असे मिळाले की २००५ मध्ये चित्रपट निघाला. काळ सव्वीसावं शतक. अंतराळयान आहे आणि त्यात गुरं भरलेली आहेत. याला हसणारे लोक मला भेटलेत. यान असताना घोडे कशाला? पण मालिकेत त्याचं कारण आहे आणि ते पोटाशी निगडित आहे. मधल्या श्रीमंत ग्रहांनी गरिबांना बाहेरच्या ग्रहांवर नेऊन सोडलं. हातात दिलं काय, तर घोंगड्या, कुऱ्हाडी, फार तर गुरांचा कळप. इंधन आणि सुटे भाग कुठून आणणार? घोड्याला गवत पुरतं आणि घोडी शिंगरू देते. धरणग्रस्तांना माळरानावर नेऊन सोडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा ग्रह ओळखीचा वाटेल.

वाहिनीच्या आग्रहामुळे घाईघाईत लिहिलेला तिचा एक भाग आहे, आगगाडी लुटण्याचा. यानाचा कप्तान मॅल पैसे घेऊन गाडीतला माल पळवतो. मग कळतं की ती खाणकामगारांची औषधं होती. अख्खं गाव आजारी आहे. रात्री तो माल परत द्यायला निघतो आणि गावच्या शेरीफच्या समोर येतो. शेरीफ त्याला ओळखतो. बंदुका रोखलेल्या असतात. मग शेरीफ शांतपणे म्हणतो की दिवस असे आहेत, मिळेल ते काम माणूस घेतो, फार चौकशी करत नाही. पण पुढं सगळं कळलं की त्याला काय करायचं ते निवडावं लागतं. मॅल म्हणतो, मग निवडायला काही उरतच नाही. गोळी सुटत नाही. अंधारात दोन थकलेली माणसं आणि मध्ये औषधांची खोकी, एवढंच. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल सांगता येणार नाही.

पण या मालिकेबद्दल एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. मालिकेतल्या ग्रहांच्या युद्धात मॅल हा हरलेल्या बाजूचा शिपाई. कर्ता जॉस व्हीडन याला ही कल्पना अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरचं पुस्तक वाचून सुचली, आणि मॅलची बाजू बेतली आहे दक्षिणेच्या फौजेवर. दक्षिण ते युद्ध गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली. मालिकेनं हरलेल्यांची सल घेतली, स्वाभिमान घेतला, तपकिरी कोट घेतले आणि गुलामगिरी तेवढी वगळली. त्यातली माणसं चिनी भाषेत शिव्या घालतात, पण चिनी चेहरे शोधावे लागतात. खुंटाला कीड असली की कलमातही ती चढते, हे बाबा आम्हाला सांगायचे, आणि रोप कितीही टवटवीत दिसलं तरी बाजूला काढायचे. मी ‘फायरफ्लाय’ बाजूला काढू शकत नाही, इतकी ती मला प्रिय आहे. पण कीड दिसते, आणि ती दिसते हे सांगितलंच पाहिजे.

चिनी चेहऱ्यांवरून दुसरी मालिका आठवते. १९७२ मध्ये ‘कुंग फू’ आली. शाओलिन मठातला भिक्षू अमेरिकेच्या पश्चिमेत वणवण फिरतो, अन्याय दिसला की हात उचलतो, उरलेला वेळ गुरूचे शब्द आठवतो. कल्पना किती सुंदर! घोडेस्वाराच्या जागी अनवाणी चालणारा साधू. आपल्याकडे असा माणूस कुणालाही कळेल. पण त्या अर्ध्या चिनी नायकाच्या भूमिकेत घेतला गोरा नट, डेव्हिड कॅरडाइन. ब्रूस ली त्या काळात तिथंच होता. त्यानं स्वतःही अशाच एका मालिकेची कल्पना लिहून ठेवली होती. त्या कागदांवरून त्याच्या मुलीच्या पुढाकारानं ‘वॉरियर’ निघाली ती २०१९ मध्ये. सॅन फ्रान्सिस्को, १८७० चं दशक, चिनी टोळ्यांची युद्धं, आणि चिन्यांना देशबंदी करणाऱ्या १८८२ च्या कायद्याची दुरून ऐकू येणारी पावलं.

‘वॉरियर’मधली एक युक्ती मला फार आवडते. गोऱ्यांसमोर चिनी माणसं बोलतात ती मोडकंतोडकं इंग्रजी किंवा त्यांची स्वतःची भाषा. पण चिनी माणसं आपापसांत बोलायला लागली की कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो आणि त्यांचं बोलणं आपल्याला अस्खलित, खेळकर, शिव्यांनी भरलेल्या इंग्रजीत ऐकू येतं. म्हणजे एका फेरीत प्रेक्षकाला उंबरठा ओलांडून घरात घेतलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला पडवी आठवली. बाबा त्या घोडेस्वारांना मराठी बोलायला लावत होते तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं. बाहेरून दिसणाऱ्या माणसांना आतून बोलतं केलं होतं.

आता ‘डेडवुड’. या एका मालिकेसाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. २००४ ते २००६, तीन पर्वं, छत्तीस भाग. कर्ता डेव्हिड मिल्च. त्याला मुळात करायची होती प्राचीन रोमच्या शिपायांची मालिका, नीरोच्या काळातली. कायदा नसताना व्यवस्था कशी उभी राहते हा त्याचा विषय. वाहिनीकडे रोमवरची एक मालिका आधीच ठरलेली होती, म्हणून त्यानं तोच विषय उचलून डकोटातल्या सोन्याच्या खाणींवर नेला.

पहिलाच प्रसंग घ्या. सेथ बुलक मार्शल आहे. त्याच्या ताब्यात एक घोडेचोर आहे, सकाळी फाशी व्हायची आहे. रात्रीच दारू प्यालेला जमाव येतो, कैदी आमच्या हवाली कर म्हणतो. सिनेमात मार्शल जमावाला परतवून लावतो. इथं बुलक काय करतो? तो कैद्याला बाहेर आणतो, तिथंच फास लावतो, त्याचे शेवटचे शब्द कागदावर लिहून घेतो आणि स्वतःच्या हातानं त्याला फाशी देतो. मान नीट मोडावी, तडफड होऊ नये म्हणून आपलं वजन टाकतो. कायद्याच्या नावानं. जमाव हात चोळत बसतो. हे योग्य झालं की अयोग्य हे मला आजही ठरवता येत नाही. फाशी तर झालीच. पण जमावानं दिलेली नाही. त्या एवढ्याशा फरकावर पुढची छत्तीस भागांची इमारत उभी आहे.

आणि मग पीच. पहिल्या पर्वात वस्तीत देवीची साथ येते. सरकार नाही, दवाखाना नाही. गुत्त्याचा मालक अल स्वेअरेंजन, ज्याच्या हातून खून सहज होतात, तो गावातल्या चार मातबरांना आपल्या गुत्त्यात बोलावतो. लस आणायला माणसं पाठवायची, आजाऱ्यांसाठी तंबू ठोकायचा, पैसे कुणी किती द्यायचे. आणि टेबलावर मध्यभागी काय ठेवलेलं असतं? डब्यातल्या पीचच्या फोडी. बैठक म्हटली की पाहुण्यांपुढं काहीतरी ठेवायला हवं, एवढं त्या खुनी माणसालाही कळतं. पुढंही बैठक भरली की पीच येतात. त्या गावाची नगरपालिका त्या वाडग्याभोवती जन्माला आली. गोळीबाराची मालिका बघायला बसलेल्या माणसाला साथरोग, वर्गणी, महापौर आणि लाच यांची मालिका बघायला मिळते आणि तो खिळून राहतो. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या सभेला चहा आणि बिस्किटं येत, आणि ती येईपर्यंत कुणी मुद्द्याला हात घालत नसे.

बाबा आता ऐंशीच्या पुढं आहेत. गेल्या वर्षी गुडघ्याच्या उपचारांसाठी दोन महिने माझ्याकडे होते. संध्याकाळी मी ‘डेडवुड’ लावायचे. त्यातले कितीतरी प्रसंग बापलेकीनं शेजारी बसून पाहण्यासारखे नाहीत. ते मी पुढं ढकलायचे. बाकीचं मराठीत सांगायचे. आता सांगणारी मी आणि ऐकणारे ते.

दुसऱ्या पर्वात अफवा उठते की सरकार खाणींचे जुने दावे मानणार नाही. ती मुद्दाम उठवलेली असते. लोक घाबरून आपापल्या खाणी मिळेल त्या भावाला विकायला धावतात आणि मोठ्या खाणमालकाचा माणूस शांतपणे विकत घेत सुटतो. बाबा उठून बसले.

“यांचा तलाठी कोण?”

“अजून कुणीच नाही, बाबा. गाव अजून सरकारदरबारी नाहीच.”

“मग विकू नये म्हणावं. दाखला होईस्तो कुणी जागा सोडू नये.” आजोबांनी जागा सोडली नव्हती. ताबा सोडला नाही, म्हणून आमचं नाव लागलं.

मी मालिका थांबवली, कारण एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती जमीन मुळात त्या खाणवाल्यांचीही नव्हती. १८६८ च्या तहानं अमेरिकन सरकारनं डेडवुडभोवतीचे काळे डोंगर तिथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांचे म्हणून मान्य केले होते. १८७४ मध्ये तिथं सोनं सापडलं आणि तह कागदावर राहिला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं व्याजासकट भरपाई मंजूर केली, दहा कोटी डॉलरच्या वर. लाकोटांनी ती उचललेली नाही. त्यांना पैसे नको आहेत, डोंगर हवेत.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मूळ कूळ निराळंच.” आणि थोड्या वेळानं, “ते लोक कुठं आहेत या मालिकेत?”

मी आठवून पाहिलं. बुलकशी जिवावर उठून लढणारा एक योद्धा आहे. आणि अल स्वेअरेंजनच्या खोलीत एका पेटीत ठेवलेलं मुंडकं आहे, ज्याच्याशी तो एकटा असला की बोलतो. माझ्या सर्वांत लाडक्या मालिकेत एवढंच. मी तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ‘डार्क विंड्स’ लावली. २०२२ ची. तेच उजाड डोंगर, तेच मोठं आभाळ, पण काळ १९७० च्या आसपासचा, घोड्याच्या जागी धुळीनं माखलेली पोलिसगाडी आणि गोष्ट नाव्हाहो या तिथल्या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांच्या मुलखातली. खुनाचा तपास आहे, चेटकाची भीती आहे, आणि नाव्हाहो पोलिसांच्या डोक्यावर बसलेली केंद्र सरकारची तपासयंत्रणा एफबीआय आहे. मुख्य अधिकारी लीपहॉर्न झालाय झान मॅक्लार्नन.

“हा त्यांच्यातलाच फौजदार?” बाबांनी विचारलं.

“गोष्टीत नाव्हाहो आहे. नट स्वतः लाकोटा वंशाचा.”

बाबांनी उशी पाठीशी सरकवली. “आवाज वाढव,” म्हणाले, “आणि मध्ये मध्ये सांगत जा.”